चार्ज न देता

आमच्या चौदा वर्षांच्या नोकरीत आम्ही एकदाच चार्ज न देता निघून गेलो. वाचकांपैकी बहुतेक मंडळी सरकारी सेवेतलीच असल्यामुळे या वाक्यातील पापाचे वजन त्यांस निराळे समजावून सांगावयास नको. बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे बायकोमुलांच्याही आधी आपणांस आठवते ते कपाट, त्या कपाटाची किल्ली, आणि ती किल्ली ज्याच्या हाती द्यावयाची तो इसम. तो इसम रजेवर असला की आपणही अडकलो. कागद दोन प्रतींत व्हावयाचा, देणाराची सही डावीकडे, घेणाराची उजवीकडे, आणि मगच आगगाडीत पाय ठेवावयाचा. आमचे पहिले हेडक्लार्कसाहेब म्हणत की, कारकुनाने मरावयाचे झाले तरी चार्ज देऊन मरावे. त्यांच्या हाताखाली चार वर्षे काढलेल्या माणसाकडून असे घडावे याचे आम्हांस अजून आश्चर्य वाटते.

जे दप्तर आम्ही असे उघडे टाकून आलो ते मात्र भारत सरकारचे नव्हते. खरे सांगावयाचे तर ते पृथ्वीवरही नव्हते.

‘ईव्ह ऑनलाइन’ नावाचा एक खेळ आहे. संगणकावर, इंटरनेटच्या तारेने जोडून घेऊन खेळावयाचा. आइसलंडच्या राजधानीत, रेक्याविक येथे, सीसीपी नावाच्या कंपनीने तो घडविला. ६ मे २००३ रोजी तो सुरू झाला आणि आजही चालू आहे. ज्या देशाची सारी वस्ती सुमारे चार लाख, त्या देशाने सात हजारांहून अधिक सूर्यमालांचे विश्व उभारावे याची आम्हांस पहिल्यापासून मौज वाटत आली. त्या विश्वातल्या चलनास ‘इस्क’ म्हणतात, आणि आइसलंडच्या खऱ्या क्रोनाचे बँकेतील संक्षिप्त नावही तेच आहे. चीनमधले निराळे विश्व वगळले तर जगातले सारे खेळाडू तेथे एकाच आकाशात वावरतात. बाजार त्यांचाच, कारखाने त्यांचे, लढायाही त्यांच्याच. ब्राझीलच्या माणसाने फोडलेले जहाज पोलंडच्या माणसाने बांधलेले असते, आणि त्याचा धातू कानपुरातल्या एखाद्या कारकुनाने खणून काढलेला असतो.

कानपुरातला तो कारकून म्हणजे आम्ही.

२०१२ च्या जानेवारीत, नोकरीच्या पहिल्याच वर्षात, आम्ही या खेळात शिरलो. वय चोवीस, लग्न व्हावयाचे, क्वार्टरच्या यादीत नाव पार तळाशी, आणि गोविंदनगरात एक खोली भाड्याने घेतलेली. बाहेर असे धुके की समोरचा विजेचा खांब दिसू नये. मराठी कानांवर पडावयाचे तर गणेशोत्सवापर्यंत थांबावयाचे. अशा वेळी माणसाने आकाशात जावे, यात फारसे नवल नाही. नवल असलेच तर हे की, आकाशात जाऊनही आम्ही आम्हीच राहिलो. लोक तेथे चाचे होतात, सेनापती होतात, हेर होतात, दहा दहा महिने दुसऱ्याच्या टोळीत राहून तिची तिजोरी लुटतात. आम्ही खाणकामास लागलो.

लघुग्रहांच्या पट्ट्यात जहाज उभे करावयाचे, एका धोंड्यावर किरण सोडावयाचा आणि कोठार भरण्याची वाट पाहावयाची. ‘वेल्डस्पार’ नावाचे सर्वांत स्वस्त खनिज आम्ही चार वर्षांत किती खणले असेल याचा हिशेब नाही; म्हणजे हिशेब आहे, तो आम्हीच ठेवला होता, पण तो सांगण्यात मतलब नाही. आमच्या मित्रांस हे काम कंटाळवाणे वाटे. ज्याने आयुष्यात कधी जावक नोंदवहीचा रकाना शिस्तीने भरला नाही, त्यास या कामातले सुख कळणे कठीण. खेरीज तेथील विद्या मिळविण्याची रीतही आमच्या परिचयाची होती. कोणतेही कौशल्य शिकावयास लावले की ते घड्याळाच्या काट्यावर शिकले जाते. तुम्ही खेळा, झोपा, की कचेरीत बसा. अमुक दिवस भरले की अमुक जहाज चालविता येते. हुशारीचा संबंध नाही, चिकाटीचाही फारसा नाही. याहून शुद्ध सेवाज्येष्ठता आम्ही कोठे पाहिली नाही. (पुढे २०१६ च्या आरंभी हे दिवस पैसे मोजून विकत घेण्याची सोय झाली. त्या वेळी जुन्या खेळाडूंनी जो आक्रोश केला तो थेट पदोन्नतीच्या फायलीतला वाटला.)

पोलिसांचेही तेच. सुरक्षित म्हणविणाऱ्या मुलखात ‘कॉन्कॉर्ड’ नावाचे दल असते. ते गुन्हा होऊ नये म्हणून येत नाही. तुमचे जहाज फुटल्यावर ते येते आणि फोडणाराचे जहाज फोडून जाते. आम्ही लेखा शाखेतले असल्यामुळे ही पद्धत आम्हांस मुळीच विचित्र वाटली नाही.

याच पट्ट्यांत आम्हांस एक फिनलंडचा गृहस्थ भेटला. धंद्याने वीजतंत्री, आमच्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा, आणि इंग्रजी आमच्याइतकेच बेताचे; म्हणून आमचे चांगले जमले. आमचे साडेनऊ वाजले की त्याच्याकडे उन्हाळ्यात सात, हिवाळ्यात सहा. तो कामावरून येऊन जेवून बसलेला असे. त्याची चौदा माणसांची एक टोळी होती. टोळीस तेथे ‘कॉर्पोरेशन’ म्हणतात आणि तिला एखाद्या अवकाशस्थानकात भाड्याने कचेरी घेता येते. त्या टोळीत जर्मन होते, दोन पोलिश भाऊ होते, एक पोर्तुगीज शाळामास्तर होता. आम्ही चहास उठताना रोमन अक्षरांत ‘चहा’ एवढेच लिहून जात असू. वर्षभरात सगळेच उठताना ‘चहा’ लिहू लागले. पोलिश भाऊ बीअर आणावयास जातानाही तेच लिहीत.

हिशेबाचे काम आमच्याकडे कसे आले हे सांगण्याचे कारण नाही. जेथे चौदा माणसे आणि एक वही असेल तेथे ती वही शेवटी आमच्याच मांडीवर येते. कोणी किती खणले, विकून काय आले, वाटणी काय, आणि महिन्याचे कचेरीभाडे. ते भाडे थकले तर कचेरी बंद होऊन आतला माल अडकून पडतो. देयक आपोआप भरले जाण्याची सोय खेळात होती. ती आम्ही आग्रहाने बंद ठेवविली होती. आपल्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय कोणत्याही देयकाचे पैसे सुटता कामा नयेत, असे आमचे म्हणणे, आणि फिनने ते हसून मान्य केले होते.

त्या काळी रोज दुपारी साडेचार वाजता, म्हणजे लंडनच्या हिवाळी घड्याळात अकराला, तो सारा खेळ देखभालीसाठी बंद होत असे. आजही होतो, फक्त आता काही मिनिटांपुरता. पुन्हा सुरू झाला की खणून संपलेले पट्टे भरलेले असत. साडेचार ही आमच्या कचेरीतील चहाची वेळ. समोर फायलींचा गठ्ठा, हातात कुल्हड, आणि मनात हे की, या क्षणी सारे धोंडे पुन्हा जागच्या जागी येत असतील. बाजूच्या टेबलावरचे तिवारीजी विचारीत, ‘क्या मुस्कुरा रहे हैं?’ त्यांस काय सांगणार?

थकलेल्या देयकाने काय होते याचा दाखला त्या विश्वाच्या इतिहासातच आहे. २७ जानेवारी २०१४ रोजी ‘बी-आर-फाइव्ह-आर-बी’ नावाच्या एका सूर्यमालेवरील हक्काचे देणे वेळेवर भरले गेले नाही. हक्क मोकळा झाला, शत्रूने ते पाहिले, आणि दोन्ही बाजूंचे मिळून साडेसात हजारांहून अधिक खेळाडू त्या लढाईत उतरले. गर्दी इतकी की यंत्राला झेपावे म्हणून तेथला काळच दसपटीने मंद करण्यात आला. सुमारे एकवीस तास चाललेल्या त्या लढाईत ‘टायटन’ जातीची पंचाहत्तर महानौका बुडाल्या. खऱ्या पैशांत नुकसानीचा अंदाज तीन लाख डॉलरांच्या घरात गेला. जगभरच्या वृत्तपत्रांनी याचे मोठे आश्चर्य केले. आम्ही दुसऱ्या दिवशी टोळीतल्या सगळ्यांस लिहिले की, पाहा, म्हणून आपले भाडे पाच दिवस आधी भरले जाते. लिहिताना आम्हांस जो अभिमान वाटला तो आज आठवला की कान तापतात.

आणखी एक गोष्ट याच ठिकाणी सांगितली पाहिजे. ११ सप्टेंबर २०१२ च्या रात्री लिबियात बेंगाझी येथे अमेरिकेच्या राजनैतिक कचेरीवर हल्ला झाला. त्यात राजदूत ख्रिस्तोफर स्टीव्हन्स यांच्याबरोबर शॉन स्मिथ नावाचा एक अधिकारी मरण पावला. वय चौतीस, काम कचेरीची संगणक व संदेश यंत्रणा सांभाळण्याचे. ब्रसेल्स, बगदाद, प्रिटोरिया, माँट्रिअल, हेग अशी त्याची नेमणुकांची यादी होती. मागे पत्नी आणि दोन मुले. हाच मनुष्य या खेळात ‘व्हाइल रॅट’ या नावाने वावरत असे, आणि तेथला तो नामांकित मुत्सद्दी होता. खेळाडूंनी निवडून दिलेल्या मंडळावरही एकदा बसला होता. त्याच्या मृत्यूनंतर निरनिराळ्या पक्षांच्या खेळाडूंनी, त्यांत त्याचे वैरीही होते, आपापल्या अवकाशस्थानकांना त्याचे नाव दिले. आम्ही त्या वेळी जेमतेम नऊ महिन्यांचे खेळाडू. पण बदलीच्या गावी, रात्री, दार लावून संगणकासमोर बसलेला सरकारी नोकर आम्हांस ओळखीचा वाटला. त्या रात्री पट्ट्यात कोणी फारसे बोलले नाही.

स्मिथला चार्ज देण्याइतका अवकाश मिळाला नाही. आम्हांस मिळाला होता, हे आम्ही विसरलो नाही.

२०१६ च्या जूनमध्ये एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. शिलाँगच्या बदलीचा हुकूम आला आणि मिरजेहून फोन आला की अण्णांना रुग्णालयात दाखल केले आहे. अण्णा म्हणजे आमचे वडील. फिनला आम्ही एका ओळीत लिहिले की वडील आजारी आहेत, दोन दिवस येणार नाही. संगणक खोक्यात बांधला. कचेरीतला चार्ज रीतसर दिला, दोन प्रतींत, आणि मिरज गाठली. पुढे शिलाँग. तेथे पावसाळ्यात इंटरनेटची जी अवस्था असे तिचे निमित्त सांगता येईल. पण निमित्त ते निमित्तच. एक पत्र फोनवरूनही धाडता आले असते. पहिल्या महिन्यात उद्या लिहू म्हणून राहिले. दुसऱ्या महिन्यात भाडे थकले असेल हे ध्यानात आले, आणि लाज वाटून राहिले. २०१७ च्या फेब्रुवारीत अण्णा गेले. मग लिहिण्याजोगे इतके साठले की काहीच लिहिता येईना. शिलाँगहून सिकंदराबाद, तेथून जबलपूर. लाजेचे असे असते की ती जुनी झाली म्हणजे तिला विस्मरणाचे रूप येते, आणि आपणही तेच नाव तिला देतो.

यंदा, २०२५ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एका वृत्तातून कळले की त्या खेळाचा ‘कॅटलिस्ट’ नावाचा नवा विस्तार १८ तारखेस येत आहे. असे विस्तार तेथे वर्षातून एकदोनदा होतात. कधी युद्धाचे नवे नियम येतात, कधी नवा मुलूख उघडतो. २००९ च्या मार्चमध्ये तर एकदम सुमारे अडीच हजार सूर्यमाला उघडल्या होत्या, ज्यांस कायमची वाटच नाही. आजवर अनेक विस्तार आले नि गेले, आम्ही मान वळवून पाहिले नाही. पण हा विस्तार खाणकामाचा होता. खाणकामाची नवी जहाजे, नवे खनिज. कोणी आपल्या जुन्या टेबलाबद्दल आस्थेने चौकशी करावी तसे झाले. त्या शनिवारी रात्री आम्ही खेळ संगणकावर उतरवून घ्यावयास लावला.

सौभाग्यवतींनी पडद्याकडे पाहून विचारले, “अहो, हा तोच ना, ज्याच्या दगडावर तुमचं नाव आहे?” तोच. २०१४ मध्ये रेक्याविकच्या बंदराजवळ या कंपनीने एक शिल्प उभारले आणि त्याच्या पायथ्याशी त्या वेळच्या खेळाडूंची खेळातील नावे कोरली. मिरजेतल्या आमच्या आळीच्या गणेश मंडळाने दहा वर्षे वर्गणी घेऊनही पाटीवर आमचे नाव घातलेले नाही. आइसलंडात ते दगडाच्या पायाशी आहे. लग्नाच्या वर्षीची ही गोष्ट असल्यामुळे सौ.च्या ध्यानात राहिली.

सकाळी आम्ही आत गेलो. परवलीचा शब्द बोटांनी आपण होऊन लिहिला. आमचा तो खेळातला देह ज्या स्थानकात आम्ही सोडला होता तेथेच होता, चोविसाव्या वर्षी बेतलेल्या चेहऱ्याने. पूर्वी स्थानकात उतरल्यावर एक खोली असे. तीत कोच, आरसा, आणि कधीही न उघडणारे एक दार. तिला ‘कप्तानाचे क्वार्टर’ म्हणत. ते क्वार्टर २०१७ मध्येच काढून टाकण्यात आले, हे आम्हांस आता कळले. ठीक आहे, सरकारी क्वार्टर नऊ वर्षे कोणी राखून ठेवीत नाही. आम्ही सोडल्यावर पाच महिन्यांनी खेळ काही मर्यादेत विनामूल्य झाला होता. मर्यादा अशी की, वर्गणी न भरणाराची जुनी विद्या त्याच्याजवळ राहते पण वापरता येत नाही. आमच्या खाण-जहाजावर कुलपाचे चिन्ह होते.

पण ते जहाज तेथे असावयास नको होते. ते आम्ही टोळीच्या कचेरीत ठेवले होते. कचेरी बंद झाली असेल तर ते तिच्याबरोबर अडकलेले असावयास हवे. ते आमच्या स्वतःच्या गोदामात उभे होते, आणि त्याचे नाव बदललेले होते. आम्ही त्यास ‘सिंहगड’ म्हणत असू. आता तेथे रोमन अक्षरांत ‘चहा’ असे होते.

मग टपाल उघडले. फिनची तीन पत्रे होती.

पहिले ऑगस्ट २०१६ चे. भाडे थकले, कचेरीला कुलूप लागले, पोलिश भावांची जहाजे आत अडकली, ते चिडले आहेत. तू कोठे आहेस? दुसरे सप्टेंबरचे. थकबाकी मी भरली. यापुढचे भाडे आपोआप जाईल अशी तजवीज केली आहे, तुला आवडणार नाही हे ठाऊक आहे. हिशेबाची चिंता करू नकोस. तुझे वडील कसे आहेत?

तिसरे जानेवारी २०१९ चे. मंडळी पांगली, कचेरी सोडून देत आहे, ज्याचा माल त्याच्या गोदामात टाकला आहे. बस, एवढेच.

दुसऱ्या पत्रावर आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. सप्टेंबर २०१६. त्या महिन्यात अण्णा घरी आले होते. काठी घेऊन गच्चीपर्यंत जात. कानपूरच्या थंडीच्या गोष्टी विचारीत. त्यांना मिरजेस फोनवर विचारले असते की, अण्णा, फिनलंडातला एक वीजतंत्री तुमची चौकशी करतो आहे, तर त्यांनी आधी फिनलंड नकाशात कोठे आहे ते पाहिले असते, आणि मग त्याला नमस्कार सांगा म्हणाले असते. एका शब्दाचे उत्तर होते, आणि ते खरे असण्याची मुदत पाच महिन्यांची होती.

आम्ही अजून त्या टोळीत होतो. संचालक म्हणून आमचे अधिकारही कोणी काढून घेतले नव्हते. त्या अधिकाराने सभासदांचा तक्ता उघडला, ज्यात कोण शेवटचा केव्हा आला ते दिसते. नऊ वर्षांनी आम्ही हजेरीपट पाहत होतो. पोर्तुगीज मास्तर २०१७. पोलिश भाऊ २०१८, दोघे एकाच दिवशी. फिन २०२१ च्या मार्चमध्ये.

उत्तर लिहावयास तीन रात्री लागल्या. पहिला मसुदा कचेरीच्या धर्तीचा झाला. विलंबाची कारणे क्रमाने दिली होती. तो फाडला, म्हणजे पुसला. दुसऱ्यात आम्ही फारच रडलो. तिसरा सौ.ला वाचून दाखविला. तिने एवढेच विचारले, “अण्णा गेल्याचं शेवटी का लिहिलंय? त्याने तेच तर विचारलं होतं.” मग ते आधी लिहिले. थकबाकीची जी रक्कम त्याने पदरची भरली असेल तिचा अंदाज आमच्या जुन्या वहीवरून बांधला आणि तेवढे इस्क त्याच्या नावे पाठविले. रक्कम क्षुल्लक होती. त्याच्या एका संध्याकाळच्या खणण्याइतकी. टोळीच्या हिशेबाची २०१६ च्या जूनपर्यंतची गोळाबेरीज पत्राखाली उतरविली. चार्ज देणार म्हणून आमचे नाव घातले. समोरची जागा मोकळी ठेवली.

१८ तारखेस विस्तार आला. नवी जहाजे आम्ही बाजारात पाहिली, किमती पाहिल्या आणि परत फिरलो. वर्गणीचा विचार पगारानंतर करू. तूर्त विनामूल्य खेळाडूस परवडणारे एक लहानसे ‘व्हेंचर’ घेऊन रात्री साडेनऊला जुन्याच पट्ट्यात जातो आणि वेल्डस्पार खणतो. तेथे बरीच नवी मंडळी असतात, कोणी ओळखीचे नसते. परवा उठताना सवयीने ‘चहा’ लिहून गेलो. परत आलो तो कोणी तरी प्रश्नचिन्ह टाकले होते. त्याला अर्थ सांगितला.

तक्त्यावर फिनच्या नावापुढची तारीख अजून २०२१ चीच आहे. आम्ही ती रोज पाहतो, साडेनऊला एकदा आणि उठण्यापूर्वी एकदा.